नळ नंबर तीन

उल्रिकेनं ते वाक्य म्हटलं ना, तेव्हा यशपाल बिस्किट खात होता. आता बघा, वाक्य काय होतं? काहीच नव्हतं. डार्मश्टाटमधला नोव्हेंबरचा गुरुवार, संध्याकाळचे सहा, युनिव्हर्सिटीच्या सिव्हिलच्या बिल्डिंगमधली तिसऱ्या मजल्यावरची खोली, टेबलावर सफरचंदाच्या रसाच्या बाटल्या आणि नऊ जणांची सित्सुंग. सित्सुंग म्हणजे मीटिंगच, पण जर्मन मीटिंग. वेळेवर सुरू, वेळेवर बंद आणि मधला शब्दन् शब्द प्रोटोकोलमध्ये, म्हणजे इतिवृत्तात. टांझानियातल्या एका डोंगरउतारावरच्या गावात या विद्यार्थ्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी आणलं होतं. वर झरा अडवला, टाकी बांधली, दोन किलोमीटर पाइप पुरला आणि खाली तीन ठिकाणी नळ काढले. परीक्षेमुळे तेव्हा मागे राहिलेला हृषिकेश मग ऑक्टोबरात एकटाच जाऊन दोन आठवडे पाहणी करून आला, आणि त्याचा रिपोर्ट उल्रिके, म्हणजे या सगळ्यांची लीडर, मोठ्यानं वाचत होती. मार्टिननं बांधलेला नळ एक, गूट, चांगला. नळ दोन, जेअर गूट, फारच चांगला. मग पान उलटून ती म्हणाली, नळ तीन विर्ड निष्ट आनगेनोमन. लोक त्याच्यासमोरून चालत जातात आणि नळ दोनवर भरतात. कारण? तिनं हृषिकेशकडे बघितलं. हृषिकेश पेनाचं टोपण लावत म्हणाला, "प्रेशर. बहुतेक प्रेशर कमी असावं." गेनाऊ, बरोबर, म्हणाली ती, मग तो उपटून शाळेजवळ न्यायचा का यावर पुढच्या गुरुवारी मतं घेऊ. पुढचा मुद्दा, ख्रिसमस मार्केटचा स्टॉल. झालं. बिस्किट यशपालच्या तोंडात तसंच राहिलं, कारण नळ नंबर तीन त्यानं बांधला होता, आणि प्रेशर कमी नव्हतं.

कमी नव्हतंच ना! वीस लिटरची बादली पन्नास सेकंदांत. हातात घड्याळ धरून त्यानं वीसदा मोजलं होतं, सकाळी, दुपारी, वरचे दोन्ही नळ चालू ठेवून. मग हा खोटं का बोलला? बसमध्ये दोघं शेजारी बसले, एकाच वोनहाइमला, म्हणजे हॉस्टेलला जायचं, किचन एकच, रोजची सवय. हृषिकेश आपला कोण कधी स्टॉलवर ग्लूवाइन, म्हणजे गरम मसाला वाइन, विकणार ते बोलत होता, आणि यशपाल खिशातली पिवळी डिक्शनरी मांडीवर आडवी धरून तो शब्द शोधत होता. आनगेनोमन. स्वीकारलेलं. आणि खाली दुसरा अर्थ, गृहीत धरलेलं. पहिल्या अर्थावरच त्याचं बोट थांबलं. स्वीकारलं नाही. पाणी स्वीकारलं नाही. झरा तोच, टाकी तीच, पाइप तोच, सिमेंटसुद्धा एकाच गोणीतलं. दोन नळांचं पाणी चालतं आणि तिसऱ्याचं चालत नाही. तिसऱ्यात वेगळं काय आहे? बांधणाऱ्याचा हात. हा विचार आला तसा त्यानं तो झटकला. डोकं ठिकाणावर आहे का, टांझानियातल्या बायकांना काय माहीत कोण कोणत्या हाताचा! तिथं पोरं त्याच्या मागं "मुहिंदी, मुहिंदी" ओरडत फिरायची. मुहिंदी म्हणजे भारतातला माणूस आणि मुहिंदी म्हणजे मक्याचं कणीसही, म्हणून पोरांना हसू आवरायचं नाही. आणि त्याला इतकं बरं वाटायचं, काय सांगू. जन्मात पहिल्यांदा तो नुसता भारतातला होता. वरून हिरवं कणीस, आत कुणी बघत नव्हतं. आणि मग ऑक्टोबरात दुसरा मुहिंदी गेला. एकटा. दोन आठवडे. त्यानं काय केलं असेल? संध्याकाळी गावातल्या शाळेच्या मास्तरांच्या ओट्यावर बसून, चहा पीत, सहज, अगदी सहज, काही वाईट मनात नसताना, आमच्याकडे असं असतं बरं का, म्हणून कणसाची सालं सोलून दाखवली असतील का? "लक्ष कुठंय तुझं?" हृषिकेश म्हणाला. "उतरायचंय."

आता यशपालला बाप आठवायला नको होता, पण तोच आठवला. राजानंद, पंचायत समितीतला हातपंप मेकॅनिक, रिसोड तालुक्यातली सत्तर गावं सायकलीवर. यशपाल इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता त्या उन्हाळ्यात, बापाच्या कमरेत चमक भरली म्हणून सळया उचलायला त्याच्याबरोबर गेला होता महिनाभर. पंप खोलायचा, चाळीस-चाळीस मीटर सळया वर ओढायच्या, तळातला वॉशर बदलायचा, पुन्हा सगळं खाली सोडायचं, आणि हापसून हापसून पाणी वर आलं की बाप पान्हा फडक्यात गुंडाळून बाजूला व्हायचा. बाजूला म्हणजे चांगलाच बाजूला, लिंबाखाली. मग गावातलं कुणीतरी यायचं, दहा-पंधरा बादल्या पाणी उपसून सांडायचं, दांडा राखेनं घासायचं, आणि त्यानंतर बायका घागरी घेऊन यायच्या. पहिल्या दिवशी यशपालनं विचारलं, बाबा, हे काय? बाप विडी पेटवत म्हणाला, "पयलं पाणी गंजाचं येते बापा. काढून टाका लागते." आणि ते खरंच होतं, हीच तर गंमत आहे. दुरुस्तीनंतरचं पहिलं पाणी काढूनच टाकायचं असतं, कुठल्याही पुस्तकात बघा. मग दांडा का घासतात, असं यशपालनं विचारलं नाही. महिनाभर विचारलं नाही. फक्त एकदा, परतताना, चढावर सायकल ढकलत बाप आपणहून हसला आणि म्हणाला, "तळाचा वॉशर कायचा हाय, मालूम? चामड्याचा. तो चालते त्याह्यले." आणि इतका हसला की सायकल कलंडली. यशपालला ते हसू कधी समजलं नाही, आणि तेव्हापासून कुठलीही गोष्ट कुणी धुताना दिसली की खरं कारण कुठलं आणि दाखवायचं कुठलं, हे शोधायला लागतं त्याचं मन.

आणि वोनहाइमच्या किचनमध्ये हृषिकेश सारखा धुतो! आधी ते कधी इतकं खुपलं नव्हतं, आता शुक्रवारपासून यशपाल मोजायला लागला. यशपालनं पाणी प्यायलेला ग्लास हृषिकेशनं उचलला, दिव्याकडे धरला, धुतला. स्वतःचाही धुतला, हे खरं. पण आधी कुठला? हृषिकेशच्या दुधाच्या डब्यावर मार्करनं 'ह' लिहिलेला. इथं सगळेच लिहितात, फ्रिज सहा जणांचा. पण 'ह' मराठीत का? किचनमध्ये मराठी वाचणारा दुसरा कोण आहे? शनिवारी हृषिकेशनं दडपे पोहे केले आणि हाक मारली, "यश, ये रे, गार काय होणारेत म्हणा, पण ये." यशपाल गेला, खाल्ले, छान झालेत म्हणाला, आणि घास गिळता गिळता बघत होता की डाव एकच आहे की दोन. एकच होता. मग त्याला वाटलं, मुद्दाम एक ठेवला असेल. म्हणजे बघा माणूस कुठं जातो! दोन असते तरी संशय, एक होता तरी संशय. टांझानियाचे ऑक्टोबरातले फोटो हृषिकेशच्या लॅपटॉपवर होते, ते त्यानं पेनड्राइव्हवर मागून घेतले आणि रविवारची आख्खी सकाळ नळ तीनचा एकच फोटो मोठा करून बघत बसला. ओटा कोरडा ठणठणीत. पायऱ्यांवर शेवाळ नाही, ओल नाही, बादलीच्या बुडाचा गोल उमटलेला नाही. त्यानं त्या ओट्याच्या कडा हातानं गोल घोटल्या होत्या, बायकांच्या नडग्यांना लागू नये म्हणून. मागं रस्त्यानं दोन बायका चालल्यात, डोक्यावर पिवळे डबे, माना सरळ. नळाकडे बघतसुद्धा नाहीयेत. अशा माना त्यानं पाहिलेल्या होत्या. कुठं, ते आठवेना.

दुपारी तो धम्मदीपाताईकडे जेवायला गेला. ताई औषधांच्या मोठ्या कंपनीत संशोधन करते, मूळची नागपूरची, डार्मश्टाटमधल्या आपल्या सगळ्या पोरांची ताई. तिनं भाकरी वाढली, ठेचा वाढला, आणि यशपालनं अडखळत अडखळत सांगितलं. पूर्ण नाही, अर्धं. उरलेलं अर्धं ताईला सांगावं लागत नाही. ती म्हणाली, "विचारलंस का त्याला?"

"कसं विचारू? नाही निघालं तर?"

"नाही निघालं तर बरंच आहे की!"

"बरं कसं, ताई? मग मीच असा विचार केला असं होईल."

ताई हसली. "म्हणजे त्यानं केलं असलं तर बरं, असं म्हणतोस तू. अरे, तोंड उघडायला काय टेरमीन, अपॉइंटमेंट घ्यावी लागते का? आणि ऐक, माझ्या लॅबमध्ये सहा वर्षं झाली, अजून कुणी मला वगळून कॉफीला गेलं की मी पण तेच मोजते. कधी खरं असतं, कधी ते लोक नुसतेच विसरलेले असतात. आपल्याला दोन्हीसाठी तेवढीच झोप लागत नाही." मग ती म्हणाली, "पण तो नळ तिथं का काढला होता रे? मूळ नकाशात तर शाळेजवळ होता, तूच म्हणाला होतास ना?"

आणि हे यशपालनं मोठ्या उत्साहानं सांगितलं, कारण हीच तर त्याची शान होती. झालं काय, गाव सगळं एका अंगाला आणि कोरड्या नाल्यापलीकडे, दक्षिणेला, अकरा घरं वेगळी. दक्षिणेला, ताई, आपल्याकडे आपली वस्ती असते तशी! बघताक्षणी त्याला कळलं होतं. आणि झऱ्यावर त्या अकरा घरांतली एक म्हातारी, मामा म्वाजुमा, तिकडे आईला मामा म्हणतात, रोज सगळ्यांच्या शेवटी भरायची. बादली खाली ठेवून, दहा पावलं लांब उभी. जर्मनांना त्यात काही दिसलं नाही, त्यांना वाटलं म्हातारी आहे, सावकाश येते. यशपालनं दाखवून दिलं. नकाशावर भांडला, तिसरा नळ नाल्यापलीकडे नेला, पलीकडच्यांचा स्वतःचा नळ, कुणाच्या शेवटी उभं राहायला नको. उल्रिके तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली होती, यशपालला असलं दिसतं, आपल्याला दिसत नाही. आजवर जे लपवायचं होतं ते इथं नजर म्हणून गणलं गेलं. निरोपाच्या सभेत त्यानं इंग्रजीत भाषण केलं, या बिचाऱ्या आईला शेवटी उभं करत होते ते यापुढे होणार नाही, मास्तरांनी त्याचं स्वाहिली केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेब्रुवारीत पुढची तुकडी जाणार होती आणि तिचा प्रमुख यशपालच, हे जवळजवळ ठरलं होतं. ताई ऐकत होती. भाकरीचा तुकडा तिच्या हातात तसाच. "म्हणजे त्यांना तू वेगळा नळ दिलास," ती म्हणाली. "हो," यशपाल म्हणाला. ताई पुढं काही बोलली नाही, आणि ती का बोलली नाही याचा संशय ट्राममध्ये त्याला आला. म्हणजे आता ताईसुद्धा! आणि त्या टाळ्या. मास्तरांनी स्वाहिलीत नक्की काय सांगितलं होतं त्या दिवशी, की लोक हसत हसत टाळ्या वाजवत होते?

मंगळवारी दुपारी तो लेक्चर सोडून परत आला तर हृषिकेश किचनमध्ये, पाण्याची किटली घासतोय. व्हिनेगरचा वास सगळीकडे.

"काय करतोयस?" यशपाल दारातूनच म्हणाला.

"काल्क काढतोय. बघ ना, आतून चुना फासल्यासारखी झालीये."

"सकाळी मी चहा केला होता यात."

"मग?"

"मग लगेच धुवायला घेतलीस."

"लगेच?" हृषिकेश हसला. "अरे दोन महिन्यांनी धुतोय. सहा जण राहतो, एकालाही लाज नाही. तू कधी धुणार होतास, सांग."

"प्रेशर कमी नाहीये, हृषी."

हृषिकेशचा हात थांबला. नळ वाहतच होता, तो त्यानं बंद केला. "माहितीये," तो म्हणाला.

"माहितीये? मग मीटिंगमध्ये का सांगितलंस?"

"सोड ना. शाळेजवळ जाईल नळ, वाया थोडाच जाणारे."

"तू काय सांगितलंस त्यांना? गावात. माझ्याबद्दल."

"तुझ्याबद्दल काय सांगणार? घोरतोस म्हणून?" आणि मग हृषिकेशनं यशपालचा चेहरा बघितला, आणि त्याचं हसू ओठांवर होतं तिथंच वाळलं. किटली त्यानं हळूच खाली ठेवली, फुटायची वस्तू असल्यासारखी. "यशपाल, तुला असं वाटलं की मी तिथं जाऊन... तुला असं का वाटलं?"

"का वाटू नये?"

हृषिकेशचे कान लाल झाले, आणि तो हात न पुसताच खोलीत गेला आणि एक कागद घेऊन आला, कडांना ओल्या बोटांचे डाग. "मास्तरांनी दिलं होतं. सगळ्या ग्रुपसाठी. मी वाचलं नाही मीटिंगमध्ये. मला वाटलं, तुला लागेल."

"मार्टिनचा नळ असता तर वाचलं असतंस?"

हृषिकेश किटलीचं झाकण लावायला लागला.

"सांग ना."

"वाचलं असतं," हृषिकेश म्हणाला.

पत्र इंग्रजीत होतं, वहीच्या पानावर, शाळेतल्या वळणदार अक्षरात. आदरणीय इंजिनियर लोकहो, नाल्यापलीकडच्या अकरा घरांतल्या बायकांनी मला हे लिहायला सांगितलं आहे. तो भारतातला तरुण चांगला आहे, आमच्यासाठी भांडला असं ऐकलं, त्याला आमचा नमस्कार. पण त्यानं आम्हाला विचारलं नाही. मामा म्वाजुमा शेवटी भरायची कारण झरा तिच्याकडे आहे, तिच्या आईकडे होता. सगळ्यांचं भरून झाल्यावर पानं-गाळ काढून, आपली बादली भरून मग ती झरा झाकायची. त्या दिवशी सभेत तुम्ही तिला बिचारी म्हणालात ते मी भाषांतरात गाळलं, माफ करा. या बायका म्हणतात, आम्ही नाल्यापलीकडे राहतो, पण गाव एकच आहे. एका पाण्यावर आम्ही भांडत होतो, लग्नं जमवत होतो. आता आमच्या मुली नळ दोनवर गेल्या की पुढच्या बायका म्हणतात, तुमचा नळ तिकडे आहे, तिकडे जा. हे वाक्य आमच्या गावात नव्हतं. म्हणून आमच्या घरातलं कुणीही त्या नळाचं पाणी भरणार नाही असं आम्ही ठरवलं आहे. कृपा करून तो घेऊन जा.

यशपालनं ते पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग खोलीत जाऊन दार लावून वाचलं. म्हणजे त्या माना सरळ होत्या त्या यासाठी! त्याला तळ्यांच्या, विहिरींच्या सगळ्या गोष्टी पाठ होत्या, चौदा एप्रिलला भाषणं केलेली होती त्यानं त्यावर, बक्षिसं मिळवली होती, आणि प्रत्येक गोष्टीत तो कुठल्या बाजूला उभा असणार हे त्याला जन्माआधीपासून माहीत होतं. आणि इथं एका गावात बायका पाणी नाकारून चालल्या होत्या, ताठ मानेनं, आणि त्या ज्याच्यासमोरून चालल्या होत्या ते त्यानं बांधलेलं होतं, कडा घोटून. दक्षिण त्यानं आपल्याबरोबर नेली होती, बॅगेत, पान्ह्यांच्या खाली. आणि तरी बघा, मन कसलं असतं! एवढं सगळं कळूनही बुधवारी सकाळी त्याला पहिला विचार आला तो हा, की मास्तरांनी हे लिहिलं ते बायकांच्या मनचं की हृषिकेशनं बाजूला बसून सुचवलेलं? "विचारलं नाही" हे शब्द कुणाचे? दुपारपर्यंत तो हे घोकत राहिला. मग लायब्ररीत, काही कारण नसताना, त्याला आठवलं की खरंच विचारलं नव्हतं. सहा आठवड्यांत एकदाही नाही. कसं विचारणार होता? विचारायचं म्हणजे आधी सांगायला लागलं असतं की आपल्याला हे का दिसतं.

गुरुवारी सहा वाजता उल्रिकेनं मुद्दा वाचला. नळ तीन शाळेजवळ हलवणे, कारण प्रेशर कमी. कुणाची हरकत? हृषिकेश टेबलाकडे बघत होता. त्यानं त्या दिवसापासून एक शब्द काढला नव्हता, पत्र परत मागितलं नव्हतं, आता ते यशपालच्या खिशात होतं. मतं घेताना नुसता हात वर केला की झालं. नळ हलेल, बायका सुटतील, फेब्रुवारीत तो जाईल, त्याची नजर त्याची राहील, कुणाला काही कळणार नाही. एकट्या हृषिकेशला माहीत राहील, कायमचं, आणि तो कधी बोलणार नाही. चांगुलपणानं बोलणार नाही. हेच सहन होईना यशपालला. तो म्हणाला, "नाईन, नाही. प्रेशर बरोबर आहे." आठही जणांनी बघितलं. त्यानं जर्मन वाक्य घोकून आणलं होतं, बसमध्ये चारदा म्हणून पाहिलं होतं, क्रियापदं शेवटी, सगळं नीट. आणि तोंड उघडलं तर बाहेर आलं ते मराठीत आलं.

"तुमचा नळ तिकडे आहे, तिकडे जा."

आणि कसं आलं! हे वाक्य त्याच्या घराण्यानं आजवर फक्त ऐकलेलं होतं, पण त्याच्या तोंडून निघालं ते ऐकणाऱ्याच्या सुरात नाही, सांगणाऱ्याच्या. हनुवटी जराशी वर, आवाज शांत, ज्याला ओरडावं लागत नाही अशा माणसाचा. त्याचा हातही उठला होता, बोट टेबलापलीकडे, दाराकडे. त्यानं तो खाली घेतला.

"वी बिटं? काय म्हणालास?" उल्रिके म्हणाली.

त्या खोलीत ते एकालाच कळलं होतं. हृषिकेशनं मान वर केली. यशपालकडे नाही, उल्रिकेकडे बघून त्यानं ते जर्मनमध्ये सांगितलं. ऑयर हान इस्ट दा द्र्यूबन, गेट दा हिन. एका दमात, न अडखळता. एरवी प्रत्येक आर्टिकलला ठेचकाळणारा हा पोरगा, आणि हे वाक्य इतकं सफाईनं कुठून आलं त्याच्या तोंडात, असं यशपालच्या मनात आलंच. हे कधी सुटणार नाही बहुतेक. पण हृषिकेशचे कान पुन्हा लाल झाले होते, आणि आपलेही झाले असणार, असं त्याला वाटलं.

उल्रिके लिहीत होती. लिहून थांबली, कारण प्रोटोकोलमध्ये कुठलंही वाक्य असं बिनमालकाचं ठेवता येत नाही. "आल्झो," ती म्हणाली, "हे कुणी म्हटलं? गावातल्या लोकांनी?"

हृषिकेश हो म्हणणार होता. त्याचं जर्मन 'या' ओठांपर्यंत आलेलं यशपालनं पाहिलं.

"माझं आहे," यशपाल म्हणाला. "माझं लिही." आणि खिशातलं पत्र काढून त्यानं टेबलावर घडी उलगडली, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.